प्रश्न तुमचे : माध्यमांत पीएच.डी. करायची, पण विषय कोणता?

उच्च शिक्षणाविषयीच्या या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली. संज्ञापन व माध्यम अभ्यासात, म्हणजे आपण सर्रास ज्याला ‘जर्नालिझम’ म्हणतो त्या विषयात, पीएच.डी. करावी का आणि कशी, असे ही पत्रे विचारतात. चारही पत्रे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आली आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा गेली आहे, कारण त्यातली अडचण बहुतेक उमेदवारांची असते आणि तिच्याविषयी मोकळेपणाने क्वचितच बोलले जाते.

प्रश्न : मी नऊ वर्षे एका दैनिकाची तालुका प्रतिनिधी म्हणून काम करत आहे. वृत्तपत्रविद्येत एम.ए. केले असून ५९ टक्के गुण आहेत. माझे वय ३४ आहे. गेल्या वर्षी ‘समाजमाध्यमांचा ग्रामीण युवकांवर होणारा परिणाम : एक अभ्यास’ हा विषय घेऊन मी पीएच.डी.च्या मुलाखतीला गेले होते. ‘विषय फार मोठा आहे’ एवढेच सांगून समितीने मला पाच मिनिटांत परत पाठवले. तो लहान कसा करायचा हे कोणी सांगत नाही. नोकरी सोडणे मला शक्य नाही. पुण्याला जावेच लागेल का?
— एक वाचिका, पलूस (जि. सांगली)

उत्तर : समितीने दोष दाखवला तो बरोबर होता, पण अर्धाच होता. तुमच्या शीर्षकात ‘समाजमाध्यमे’, ‘ग्रामीण’ आणि ‘युवक’ हे तीनही शब्द अफाट आहेत हे खरे. तथापि खरी अडचण ‘परिणाम’ या शब्दात आहे. एखाद्या गोष्टीचा परिणाम झाला असे म्हणायचे तर ती गोष्ट येण्यापूर्वीची स्थिती काय होती, ती आल्यानंतर काय बदलले आणि तो बदल घर, शाळा, मित्रमंडळी, शेतमालाचे भाव किंवा लांबलेली लग्ने यांच्यामुळे झालेला नाही, हे दाखवावे लागते. तीनशे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छापील प्रश्नावली देऊन ‘समाजमाध्यमांचा तुमच्यावर परिणाम होतो का?’ असे विचारले आणि त्यांपैकी बहुतेकांनी ‘होतो’ यावर खूण केली, तर आपल्यावर परिणाम होतो असे त्या मुलांना वाटते, एवढेच त्यातून सिद्ध होते. आपल्याकडच्या ग्रंथालयांत अशा शीर्षकांचे प्रबंध कपाटेच्या कपाटे भरून आहेत. माझा स्वतःचा पहिला आराखडा ‘ग्रामीण विकासात वृत्तपत्रांचे योगदान’ या नावाचा होता. तो परत आला याबद्दल मी आजही त्या समितीचा ऋणी आहे.

लहान विषय म्हणजे हलका विषय, असा समज तुमच्या मनात असेल तर तो प्रथम काढून टाका. माध्यम अभ्यासात ज्याचे नाव प्रत्येक विद्यार्थी घेतो तो ‘अजेंडा सेटिंग’चा सिद्धान्त मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी ज्या अभ्यासातून मांडला, तो अभ्यास १९६८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत चॅपेल हिल या एका गावात, कोणाला मत द्यायचे हे न ठरलेल्या १०० मतदारांपुरता केलेला होता. माध्यमांनी ज्या प्रश्नांना जितके महत्त्व दिले तितकेच महत्त्व मतदारही त्या प्रश्नांना देतात का, एवढाच त्यातला प्रश्न होता. दोन याद्यांचा क्रम ताडून पाहिला गेला आणि १९७२मध्ये तो लेख प्रसिद्ध झाला. त्यातही माध्यमांमुळे मतदारांचा क्रम ठरला की मतदारांना काय हवे ते पाहून माध्यमांनी आपला क्रम ठरवला, याचा निकाल एवढ्या पुराव्यावर लागत नव्हता आणि त्यासाठी पुढे अनेक अभ्यास व्हावे लागले. इतक्या गाजलेल्या अभ्यासालाही ‘परिणाम’ हा शब्द सहजी वापरता आला नाही, हे लक्षात घ्या.

आता तुमच्याविषयी. तुम्ही पलूस तालुक्यात नऊ वर्षे वार्तांकन करत आहात, म्हणजे २०१९ आणि २०२१ हे दोन्ही महापूर तुम्ही बातमीदार म्हणून पाहिलेले असणार. त्या दिवसांत कोयनेतून किती क्युसेक विसर्ग सोडला आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आले, हे दोन आकडे नदीकाठच्या प्रत्येक माणसाच्या तोंडी होते. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे शाळकरी मुलेसुद्धा सांगू शकत होती. २०१९मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. पाटबंधारे विभागाच्या नोंदीतला हा आकडा भिलवडीच्या किंवा अंकलखोपच्या शेतकऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने गेला? तो आकाशवाणीवर ऐकला, तुमच्या दैनिकात वाचला, व्हॉट्सअॅपवर आला, की ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून? वाटेत तो कुठे फुगला, कुठे जुना झाला आणि कुठे त्याची अफवा झाली? ‘धरण फुटले’ असा निरोप आल्यावर लोकांनी कोणाला फोन केला?

हा तुमचा विषय होऊ शकतो, आणि तो माझ्या मते तुमच्या पहिल्या शीर्षकापेक्षा फार मोठा आहे. त्याला असे रूप देता येईल : ‘२०१९ व २०२१च्या महापुरांत पलूस तालुक्यातील नदीकाठच्या चार गावांमध्ये पाणीपातळीची माहिती कोणकोणत्या मार्गांनी पोहोचली, आणि घर सोडण्याचा निर्णय घेताना लोकांनी त्यांपैकी कोणत्या मार्गावर विश्वास ठेवला?’ यात स्थळ, काळ, माणसे आणि एकच प्रश्न आहे. माध्यमांचा संदेश सर्वांपर्यंत थेट न जाता गावातील काही वजनदार माणसांमार्फत पुढे जातो, हे पॉल लाझार्सफेल्ड आणि एलिहू कॅट्झ यांनी मांडलेले द्विस्तरीय प्रवाहाचे तत्त्व येथे तपासून पाहता येईल. ती वजनदार माणसे पोलीस पाटील आणि सरपंच होती, की दूध संस्थेचा सचिव आणि व्हॉट्सअॅप ग्रुप चालवणारा मोबाईल दुकानदार होता, हे शोधण्यासारखे आहे.

साधनांचा विचार आधीच करून ठेवा. त्या दोन महिन्यांचे वृत्तपत्रांचे अंक, जिल्हा माहिती कार्यालयाने काढलेली प्रसिद्धिपत्रके आणि ग्रामपंचायतींच्या नोंदी ही लेखी साधने झाली. मुलाखती घ्याल तेव्हा माणसांच्या आठवणीत २००५, २०१९ आणि २०२१ हे तीन पूर एकमेकांत मिसळलेले असतील; म्हणून प्रत्येक मुलाखतीत एखादी तारीख, एखादा छापील अंक किंवा फोनमध्ये राहिलेले छायाचित्र समोर ठेवून आठवण त्या दिवशी रोवून घ्यावी लागेल. व्हॉट्सअॅपवरील जुने निरोप मिळाले तर ते सोन्यासारखे साधन आहे, परंतु ग्रुपच्या अॅडमिनने होकार दिला म्हणजे ग्रुपमधील दोनशे माणसांनी होकार दिला असे होत नाही. बातमीत तुम्ही माणसाचे नाव आणि गाव आवर्जून देता. प्रबंधात ते आवर्जून लपवावे लागते. नऊ वर्षांची सवय मोडायला वेळ लागतो, असा माझा बातमीदार विद्यार्थ्यांबाबतचा अनुभव आहे.

आणखी एक अडचण तुमच्या ओळखीतूनच येईल. तुम्ही वही काढलीत की समोरच्याला वाटेल, उद्या पेपरात नाव येणार. नुकसानभरपाई न मिळाल्याची तक्रार तो आधी सांगेल आणि माहितीच्या वाटेविषयी शेवटी बोलेल. शिवाय माहितीच्या त्या साखळीत तुम्ही स्वतः एक कडी होतात. हे दडवू नका. प्रबंधाच्या पद्धतीविषयक प्रकरणात ते स्पष्ट लिहा. परीक्षकाला संशोधक तटस्थ असल्याचा आव नको असतो. तो कुठे उभा राहून पाहत होता, हे कळायला हवे असते.

नियमांविषयी थोडक्यात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची पीएच.डी.विषयीची सध्याची विनियमावली नोव्हेंबर २०२२ची आहे. तिच्यानुसार पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात, ते तुमच्याकडे आहेत. अर्धवेळ पीएच.डी.ला मान्यता आहे. त्यासाठी नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि तालुका प्रतिनिधींना अनेकदा नेमणुकीचे पत्रच नसते, म्हणून ते कागद आधी मिळवा. किमान मुदत तीन वर्षे आणि कमाल सहा वर्षे आहे. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळतात आणि महिलांना त्याहूनही दोन वर्षांची सवलत असल्याने एकूण मर्यादा दहा वर्षांपर्यंत जाते. किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क, म्हणजे नेमून दिलेला अभ्यासक्रम, मात्र चुकत नाही आणि दूरस्थ पद्धतीने पीएच.डी. करता येत नाही. प्रवेश राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या, म्हणजे ‘नेट’च्या, गुणांवर किंवा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेतून, म्हणजे ‘पेट’मधून, मिळतो. विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर असतात आणि लेखी परीक्षेला ७० व मुलाखतीला ३० टक्के भार असतो. संशोधन पद्धतीचा हा निम्मा भाग बातमीदार उमेदवार हमखास दुर्लक्षित करतात आणि तिथेच अडकतात. तुम्हाला कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी, म्हणजे जेआरएफसाठी, महिला म्हणून ३५ वर्षांपर्यंत वयाची मुभा आहे, पण ती पूर्णवेळ संशोधकासाठी असते. नोकरी सोडायची नसेल तर त्या धावपळीत पडू नका.

पुण्याला जाणे आवश्यक नाही. सांगली जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो आणि तिथे पत्रकारितेचा स्वतंत्र विभाग आहे. मात्र कोल्हापूर, पुणे की सोलापूर हा निर्णय शहर पाहून घ्यायचा नसून मार्गदर्शक पाहून घ्यायचा असतो. एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या अध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. माध्यम विषयात मार्गदर्शकच मोजके असल्याने रिक्त जागाही मोजक्या असतात. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातील प्रबंध विनामूल्य पाहता येतात. ज्यांच्याकडे जायचे त्या मार्गदर्शकांच्या हाताखाली पूर्ण झालेले दोन प्रबंध आधी अथपासून इतिपर्यंत वाचा. त्यांतला एखादा सुमार निघाला तरी बिघडत नाही. सुमार प्रबंध कुठे घसरतो हे कळले की स्वतःचा आराखडा लिहिताना हात आपोआप थांबतो.

प्रश्न : मी मराठीत एम.ए. केले आहे, ५८ टक्के. ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ या मासिकांवर मला पीएच.डी. करायची आहे, पण ती मराठी विभागात नको, माध्यम विभागात हवी. चालेल का?
— एक वाचक, वाई (जि. सातारा)

उत्तर : चालेल की नाही हे संबंधित विद्यापीठ ठरवते. काही ठिकाणी आंतरविद्याशाखीय प्रवेशाची वाट असते आणि काही ठिकाणी पदव्युत्तर पदवी त्याच विषयातील असण्याचा आग्रह असतो. नेट परीक्षेत मात्र आपल्या पदव्युत्तर पदवीच्याच विषयात बसणे अपेक्षित असल्याने तुम्हाला मराठीची नेट द्यावी लागेल, आणि ती माध्यम विभागात किती उपयोगी पडेल ते आधी विचारून घ्या. माध्यम विभागच हवा असेल तर इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून पत्रकारितेची एम.ए. दोन वर्षांत करता येते. पण मला विचाराल तर विभागाच्या पाटीवर एवढे अडून बसू नका. मराठी विभागात राहूनही तुम्ही मासिकाचा अभ्यास माध्यमाच्या अंगाने करू शकता, फक्त प्रश्न तसा विचारायला हवा.

तो प्रश्न कसा असावा हे सांगतो. औंध संस्थानात १९१०मध्ये उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीतून १९२०मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, ते आरंभी कारखान्याचे मासिक होते. त्याच घराण्याने १९३०मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४मध्ये ‘मनोहर’ सुरू केले. या मासिकांतील कथा-कवितांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तुम्ही तिकडे जाऊ नका. नांगर आणि यंत्रे विकणाऱ्या कारखान्याला वाचक कसे मिळाले, वर्गणीदार कोणत्या गावांत होते, जाहिराती कोणाच्या होत्या, ‘स्त्री’च्या पत्रव्यवहारात बायका स्वतःविषयी काय लिहीत होत्या आणि संपादक त्यांना काय उत्तर देत होते, हे माध्यमाचे प्रश्न आहेत. एकाच मासिकाची पहिली दहा वर्षे घेतली तरी तीन वर्षांचे काम आहे.

पण विषय नोंदवण्याआधी अंक मिळतात का ते पाहा. जुन्या मासिकांचे खंड बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे होती. त्यामुळे ग्रंथालयाच्या यादीत ‘संपूर्ण संच’ असा उल्लेख असतो आणि तुम्हाला हवा तोच भाग कधीचा कात्रीखाली गेलेला असतो. सांगलीतल्या काही ग्रंथसंग्रहांना २०१९च्या पुराचे पाणीही लागले. किमान तीन ठिकाणी स्वतः जाऊन, वर्षवार, कोणता अंक आहे आणि कोणता नाही याची वही करा. त्या वहीवरून कदाचित तुमचा विषयच बदलेल. वाईत राहत आहात, तेव्हा प्राज्ञपाठशाळेच्या ‘नवभारत’ मासिकाकडेही एकदा पाहा, एवढे सुचवून ठेवतो.

प्रश्न : माझे इंग्रजी कच्चे आहे. आमच्या गावात माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे आणि मला त्यावरच संशोधन करायचे आहे. प्रबंध मराठीत लिहिला तर त्याला किंमत राहील का? आणि सगळे सिद्धान्त परदेशी असताना माणच्या दुष्काळी गावांना ते लावायचे कसे?
— एक वाचक, म्हसवड (जि. सातारा)

उत्तर : प्रबंध मराठीत लिहिता येतो, आणि पत्रकारितेत मराठीत लिहिलेले प्रबंध आहेत. प्रवेशाच्या वेळी विद्यापीठाच्या नियमात भाषेविषयी काय म्हटले आहे ते पाहून अर्जात तशी नोंद करा. मराठीत लिहिल्याने किंमत कमी होत नाही. इंग्रजी न वाचल्याने मात्र होते. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. तुम्हाला इंग्रजीत बोलायचे नाही, लिहायचे नाही, फक्त आपल्या विषयावरचे लेख समजून वाचायचे आहेत, आणि एका विषयाची परिभाषा तीन-चारशे शब्दांपलीकडे क्वचितच जाते. रोज दोन पाने याप्रमाणे एका वर्षात ती अंगवळणी पडते. यंत्राने केलेल्या भाषांतरावरून गाभा समजून घ्यायला हरकत नाही, पण प्रबंधात अवतरण देताना मूळ मजकूर उघडूनच द्या.

मराठीत लिहिण्याचा एक खरा फायदा तुमच्या विषयात आहे. तुमच्या मुलाखतींतील बाई ‘टँकर आला’ म्हणेल तेव्हा पाण्याची गाडी वेशीत आली असा त्याचा अर्थ आहे, आणि ‘गावाला टँकर लागला’ म्हणेल तेव्हा सरकारदप्तरी गाव कोरडे ठरले असा. इंग्रजी प्रबंधात हे दोन्ही एकाच वाक्यात विरून जाते. एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. आपल्याकडे एकाच संकल्पनेला संज्ञापन, संप्रेषण, जनसंवाद असे निरनिराळे शब्द निरनिराळ्या विद्यापीठांत चालतात. त्यांतला एक निवडा, पहिल्या प्रकरणात त्याचा अर्थ सांगा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. जिथे मराठी शब्द रुळलेला नाही तिथे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिण्यात कमीपणा नाही. ओढूनताणून घडवलेल्या संस्कृत शब्दापेक्षा ‘अजेंडा सेटिंग’ परवडते.

सिद्धान्त परदेशी असतात या तक्रारीत तथ्य आहे, पण तुम्ही समजता तेवढे नाही. १९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून शेतकरी रेडिओ मंडळांचा जो प्रयोग झाला, त्यात पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील १५० गावे होती आणि त्या पाच जिल्ह्यांत तेव्हाचा उत्तर सातारा, म्हणजे आजचा तुमचा सातारा जिल्हा होता. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम झाले. गावातील मंडळाने एकत्र बसून ऐकायचे, ऐकून झाल्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे, अशी त्याची रीत होती. त्याचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि पॉल न्यूराथ यांनी त्यावर लिहिले. त्यांनी मंडळ असलेली गावे, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे आणि रेडिओच नसलेली गावे यांची तुलना केली, आणि ती प्रयोगापूर्वी व प्रयोगानंतर अशी दोनदा केली. मंडळे असलेल्या गावांतील माहितीत लक्षणीय भर पडलेली आढळली. पहिल्या पत्राच्या उत्तरात ‘परिणाम’ हा शब्द वापरण्यासाठी ज्या अटी मी सांगितल्या, त्या इथे बऱ्याच अंशी पाळलेल्या दिसतात. विकाससंवादाच्या अभ्यासात जगभर उल्लेखिला जाणारा हा प्रयोग आपल्याच मातीत झाला आणि आपल्याच विद्यार्थ्यांना तो ठाऊक नसतो, याचे मला नेहमी वाईट वाटते.

तुमचा विषय येथून पुढे नेता येईल. तेव्हा केंद्र पुण्यात होते आणि ऐकणारे गावात. सामुदायिक रेडिओत बोलणारे आणि ऐकणारे एकाच तालुक्यातले असतात. २००२मध्ये फक्त शैक्षणिक संस्थांसाठी खुले झालेले सामुदायिक रेडिओचे धोरण २००६मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठीही खुले झाले, त्यामुळे म्हसवडसारख्या गावात केंद्र उभे राहू शकले. बोलणारा ओळखीचा असला की ऐकणारा अधिक विश्वास ठेवतो, की ‘हा तर आपलाच अमका, याला काय कळते’ म्हणून कमी ठेवतो? मला याचे उत्तर माहीत नाही, आणि म्हणूनच तो प्रश्न संशोधनाचा आहे. एकत्र बसून ऐकणे आता राहिले आहे का, की प्रत्येक जण मोबाईलवर एकटा ऐकतो, हेही पाहा. जत तालुक्यात जालिहाळ येथे ‘येरळावाणी’ हे दुसरे सामुदायिक केंद्र आहे. दोन्ही तालुके दुष्काळी असल्याने तुलना करणे सोयीचे जाईल, मात्र दोन्हीकडचा प्रवास तुमच्या खिशाला झेपतो का ते आधी पाहा. केंद्रात तुमच्या ओळखी असतील तर त्या सांभाळा, परंतु केंद्राने पुरवलेल्या श्रोत्यांच्याच मुलाखती घेऊ नका. ज्याने रेडिओ बंद केला त्याला शोधा.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. मुलगी पत्रकारितेत एम.ए. झाली, वय २५. आता पीएच.डी. करणार म्हणते. आणखी पाच वर्षे शिकून पुढे काय? नातेवाईक लग्नाचे विचारतात. तिला अडवायचे नाही, पण आम्हाला यातले काही समजत नाही. स्पष्ट सांगावे.
— एक पालक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : तुम्ही स्पष्ट सांगा म्हणालात, म्हणून स्पष्ट सांगतो. पीएच.डी. झाली की महाविद्यालयात नोकरी मिळते, हा हिशोब आता तसा राहिलेला नाही. जुलै २०२३पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट किंवा तिच्यासारखीच राज्यस्तरीय परीक्षा ‘सेट’ ही किमान पात्रता ठरवण्यात आली आणि पीएच.डी. ऐच्छिक झाली, सहयोगी प्राध्यापकपदासाठी मात्र ती लागतेच. म्हणून मुलीने नेट किंवा सेट न देता थेट पीएच.डी.ला लागण्यात अर्थ नाही. अनुदानित महाविद्यालयांत पत्रकारितेची पदे मुळातच थोडी आहेत आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारी माणसे तुमच्याही तालुक्यात असतील. प्राध्यापकीखेरीज संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्थांचे मूल्यमापनाचे काम आणि माध्यमसमूहांतील वाचक-प्रेक्षक संशोधन या वाटा आहेत, पण त्या बहुतेक पुण्या-मुंबईकडे जातात.

पैशाची बाजू तितकी वाईट नाही. नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता असतो. तिच्यासाठी वयाची अडचण नाही, कारण महिलांना ३५ वर्षांपर्यंत सवलत आहे. जेआरएफ न मिळाल्यास सामाजिक गटानुसार बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांच्या जाहिराती आणि अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून जाहिरात निघेल तेव्हा ती ओळ न ओळ वाचावी. या सर्व वृत्त्या पूर्णवेळ संशोधकांना आहेत. हप्ता कधी लवकर येतो, कधी सहा महिन्यांचा एकदम. त्यावर द्राक्षबागेच्या औषधांचा खर्च बसवू नका, एवढेच सांगतो. तुम्हा बागायतदारांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

लग्नाविषयी मी बोलणे योग्य नाही, पण नियम सांगू शकतो. पीएच.डी.च्या काळात प्रसूती आणि बालसंगोपनासाठी महिलांना २४० दिवसांपर्यंत रजा मिळते आणि मुदतीची सवलत वेगळी आहे. लग्न आणि संशोधन यांत एकाचीच निवड करावी लागते, असे नियमात कुठेही नाही.

‘प्रबंध लिहून मिळेल’ अशा जाहिराती तिला दिसतील, ओळखीचे कोणी सुचवतीलही. त्या वाटेला जाऊ देऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे इतरांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपेक्षा जास्त साम्य आढळले की प्रबंध दुरुस्तीला परत येतो, आणि ते साठ टक्क्यांवर गेले तर नोंदणीच रद्द होते. पदवी मिळाल्यानंतरही हे प्रकरण उघडता येते.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला सापडली नाही. मुलीला कशावर संशोधन करायचे आहे, ते तुम्ही लिहिलेले नाही. कदाचित तिने सांगितले नसेल, किंवा सांगितले असेल आणि पत्रात लिहिण्याजोगे वाटले नसेल. छाटणीची कामे आटोपली की एकदा तिच्याजवळ बसून विचारा. तिने दोन-तीन वाक्यांत, तुम्हाला समजेल असे सांगितले, तर तिची तयारी बरीच झाली आहे असे समजा. आणि तसे नसेल तर पुढचे पत्र तिने स्वतः या सदराला लिहावे.